माळरानावरचा रविवारचा वर्ग

आपल्या वस्त्यांमधून रविवारचे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात. विहारात मुले जमतात, त्रिसरण-पंचशील होते, बाबासाहेबांच्या चरित्रातील एखादा प्रसंग सांगितला जातो, गणित-इंग्रजीची उजळणी होते आणि अकराच्या सुमारास मुले घरोघर जातात. हे सारे आवश्यक आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु नागपूरच्या पश्चिम टोकाला असलेल्या आमच्या वस्तीत आम्ही गेली तीन वर्षे या वर्गाला आणखी एक जोड दिली आहे. महिन्यातील दोन रविवारी आम्ही पाचवी ते नववीची वीस-बावीस मुले घेऊन वस्तीमागच्या माळावर जातो. गळालेली पाने, दगड, माती, काड्या, वाळलेले गवत, शेंगा, पिसे, जे हाताला लागेल त्यातून मुले जमिनीवरच काहीतरी रचतात. सर्वांनी मिळून ते पाहायचे, एकच छायाचित्र काढायचे आणि ते तिथेच सोडून परत यायचे. पुढच्या खेपेपर्यंत त्यातले फारसे काही उरत नाही. वारा, मुंग्या, शेळ्या आणि पाऊस आपापले काम करतात. ते उरावे अशी आमची अपेक्षाही नसते.

हे ऐकून बरेच जण हसतात. याचा उपयोग काय, परीक्षेत गुण मिळतात काय, असे विचारतात. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. दिवसभर आमची नजर जमा आणि नावे या दोन रकान्यांतच फिरत असते. तेव्हा उपयोगाचा प्रश्न आम्हाला गैर वाटत नाही. मात्र त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या वस्तीतील बहुतेक कुटुंबे भंडारा, वर्धा, चंद्रपूरकडच्या खेड्यांतून आलेली. कुणाचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, कुणाचे रेल्वेत, कुणाचे बांधकामावर. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ साली कायमची बंद पडली, आणि मिलबरोबर एक पिढीही संपली. आजच्या मुलांच्या डोळ्यांसमोर ना गाव आहे, ना मिल. शाळा, शिकवणी आणि मोबाईल एवढ्यातच त्यांचा दिवस मावळतो. नववीतील एका हुशार मुलीला आम्ही एकदा पळसाच्या झाडाखाली उभे करून विचारले, हे कोणते झाड? प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या तिला इंग्रजीतून तोंडपाठ होती. झाड मात्र ओळखता आले नाही. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण तिने ऐकली होती. पण ती तीन पाने एका देठावर कशी येतात हे तिने त्या दिवशी प्रथमच पाहिले.

दोष मुलीचा नाही. पाहण्याची सवय लावावी लागते, आणि नुसते "पहा, पहा" म्हणून कोणी पाहत नाही. हाताला काम दिले की डोळा आपोआप उघडतो. पन्नास पाने गडद हिरव्यापासून पिवळ्या, तांबूस, तपकिरी अशी रंगाच्या क्रमाने लावायला सांगितली की मूल प्रत्येक पान दोनदा उलटून बघते. शिरा दिसतात, किडीने पाडलेली छिद्रे दिसतात, पानाची खालची बाजू वरच्यापेक्षा फिकी असते हे कळते. फळ्यावर लिहून हे होत नाही.

ही कल्पना कुठली?

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड लाँग नावाच्या तरुण कलावंताने १९६७ साली एका गवताळ शेतात एकाच सरळ रेषेत येरझाऱ्या घातल्या. गवत दबून जमिनीवर रेषा उमटली. तिचे छायाचित्र त्याने काढले आणि तीच त्याची कलाकृती ठरली. त्यानंतरचे नाव अँडी गोल्ड्सवर्दी यांचे. जन्म १९५६, वास्तव्य स्कॉटलंडमधील एका लहान गावी. पाने काट्यांनी एकमेकांत टाचून त्यांच्या लांबच लांब माळा नदीत सोडणे, बर्फाचे तुकडे नुसत्या थुंकीने गोठवून जोडणे, समुद्राच्या भरतीरेषेत दगडांची रास रचून ती पाण्याखाली जाताना पाहत राहणे, अशी त्यांची कामे. त्यांच्यावर २००१ साली निघालेला माहितीपट आमच्या एका सहकाऱ्याने मोबाईलवर दाखवला, तेथून हे सारे सुरू झाले.

त्यात एक गोष्ट आमच्या मनात रुतून बसली. गोल्ड्सवर्दी तेरा वर्षांचे असल्यापासून शेतांवर मजुरी करीत. बटाटे वेचण्यासारखे तेच ते काम करताना अंगात जी लय येते तीच आपल्या कलेतही आहे, असे ते सांगतात. वाचकहो, बटाटे, कापूस, मिरची आणि धान यांची ही लय आपल्या किती आयाबहिणींच्या अंगात भिनलेली आहे! पण तिला कोणी कधी कला म्हटले आहे काय? तिकडे शेतमजुराच्या सवयीतून कलावंत घडला, त्याची मोठमोठी पुस्तके निघाली. इकडे तीच सवय दिवसाच्या मजुरीत संपली. असो.

मुलांना पहिल्या दिवशी आम्ही ती चालण्याची रेषाच करायला लावली. जानेवारीचा महिना, गुडघाभर वाळले गवत. बावीस मुले एकामागे एक, पन्नास पावले जायचे, पन्नास यायचे. पंधरा-वीस फेऱ्यांत रेषा स्पष्ट दिसू लागली. एक मुलगा म्हणाला, "काका, ही तर पाऊलवाट झाली." झालीच होती. वाट कोणी आखत नाही, ती पायांनी पडते. खेड्यात आपल्या लोकांच्या पाणवठ्याच्या वाटा वेगळ्या का होत्या, त्या कुठून पडल्या असतील, हा विषय मग मुलांनीच काढला, आणि महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाबद्दल जे आम्ही विहारात तीनदा सांगून झाले होते ते त्या दिवशी उभ्याउभ्या नीट समजले.

"मातीतून बाहेर काढले, पुन्हा मातीत कशाला?"

सर्वांना हे पटले असे मात्र नाही. दुसऱ्याच महिन्यात एका मुलाचे वडील आमच्या घरी आले. वाहनचालकाची नोकरी करणारा, मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारा हा गृहस्थ. ते शांतपणेच बोलले, पण बोलले ते काळजाला भिडणारे होते. "माझ्या बापाने दुसऱ्याच्या वावरात जन्म काढला. त्याचे हात मातीचे होते म्हणून त्याला अंगणाबाहेर बसवत. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी दिली, खेडे सोडा म्हणून सांगितले. आता तुम्ही माझ्या पोराच्या हातात पुन्हा माती देता आणि त्याला कला म्हणता?"

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे परखड मत मांडले ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी माती कधी पोटासाठी उपसली नाही अशा लोकांना मातीचे गोडवे गाणे सोपे जाते. शहरातील महागड्या शाळांमधून मुलांना एक दिवस शेतावर नेतात, चिखलात नाचवतात, छायाचित्रे काढतात. त्या धर्तीचे काही आम्हाला करायचे नव्हते आणि आजही करायचे नाही.

पण आम्ही त्यांना दुसरी बाजूही सांगितली. जुन्या काळी दोन गावांत शिवेचा तंटा निघाला की साक्ष कोणाची काढीत? महाराची. शीव कुठून जाते, कोणत्या दगडापासून कोणत्या झाडापर्यंत, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसे. गावाची इंच न् इंच जमीन ज्याला पाठ, त्याच्या नावावर मात्र जमीन नाही किंवा असलीच तर नावापुरती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले, ते काही मातीचा तिटकारा होता म्हणून नव्हे. त्यांना दुसऱ्याच्या मातीत राबणे नको होते. सक्तीची माती आणि ओळखीची माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलांच्या वाट्याला सक्ती येऊ नये हे खरेच; पण सक्तीबरोबर ती ओळखही गेली, आणि ती परत मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्यांचे पूर्ण समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. मुलाला त्यांनी पाठवणे थांबवले नाही एवढे खरे. अधूनमधून ते स्वतः येऊन दूर उभे राहतात, जवळ येत नाहीत.

याउलट एक आजी आपणहून आल्या. वय सत्तरीच्या पुढे, भंडाऱ्याकडच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या धानात रोवणी केलेल्या. नातीला सोडायला आल्या आणि मुलांचे काट्यांनी पाने टाचणे पाहून त्यांना हसू आवरेना. "अशानं पान फाटते ना बाप्पा! काडी आडवी घाला." मग त्या खालीच बसल्या. वाळलेले पान मोडते म्हणून त्यांनी पळसाची हिरवी पाने मागितली. न तोडण्याचा आमचा नियम त्यांच्यासाठी आम्ही बाजूला ठेवला, आणि प्रत्येक फांदीवरचे एकेकच पान घ्यायचे असा नियम त्यांनी स्वतःच घालून दिला. बारीक काडीचा एक टोका, एक वळण, काडी मोडायची, पुढचे पान. मोजून काही मिनिटांत गोल पत्रावळ तयार झाली. परदेशातील कलावंताचे जे तंत्र आम्ही मोठ्या कौतुकाने दाखवत होतो ते आमच्या वस्तीत एका आजीच्या बोटांत होते, आणि तीन महिने आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मुलांनी आजींना विचारले, तुम्ही किती पत्रावळी लावल्या असतील? त्या म्हणाल्या, "लगीन म्हटलं का रातभर लावत होतो. जेवाले बसत दुसरे." एवढेच बोलून त्यांनी पुढचे पान उचलले. त्या दिवशी मुलांनी अठ्ठावीस पाने टाचून एक मोठे चक्र केले, मध्ये आजींची पत्रावळ ठेवली. ते तिथेच सोडून निघताना आजी थांबल्या आणि पत्रावळ उचलून पदराखाली घेतली. म्हणाल्या, हिच्यात आज मी जेवते. आमचा काहीही परत न नेण्याचा नियम होता, पण तो त्यांना सांगण्याची कोणाची छाती झाली नाही.

काळी, पांढरी आणि मुरूम

मातीचे रंग हा आमच्या वर्गाचा सर्वांत आवडता विषय. नागपूर शहर भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने मोठ्या मौजेच्या जागी वसले आहे. पश्चिमेकडे लाव्हारसातून झालेला काळा बेसाल्ट खडक, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना, दाणेदार, चमकणाऱ्या अभ्रकाचा खडक. दोन्हींची सीमा या शहराच्या आसपासच आहे. त्यामुळे पूर्वेकडच्या नातेवाइकांकडे गेलेल्या मुलाने पिशवीभर माती आणली तर तिचा रंग आमच्या माळाच्या मातीहून वेगळा निघतो. मुलांनी एकदा अशी सात ठिकाणची माती आणली. ओढ्यातील गाळ, खोदलेल्या पायातील पिवळसर मुरूम, पडक्या घराच्या भिंतीची पांढुरकी माती, विटभट्टीजवळची लाल भुकटी, वावरातली काळी. चाळून घेतली आणि एकात एक अशी सात वर्तुळे जमिनीवर पसरली.

ही रांगोळीच की, असे कोणीतरी म्हणालेच. पण रांगोळीची भुकटी बाजारातून येते, हिचा प्रत्येक रंग कुठल्या तरी जागेचा असतो आणि रचताना ती जागा सांगावी लागते. आमच्या भाषेतही हे रंग आहेत. जुन्या लोकांच्या बोलण्यात "पांढरी" म्हणजे गावठाण, जिथे माणसे राहतात. "काळी" म्हणजे पिकाची जमीन. घरे पडून, पुन्हा बांधून, पिढ्यान्‌पिढ्यांची राख-माती मिसळून वस्तीची जागा पांढरट होते. सातवीतील एका मुलीने विचारले, "मग आपली वस्ती गावाबाहेर होती, ती पांढरीत धरायची की काळीत?" आम्ही गप्प राहिलो. आजही आमच्याकडे त्याचे उत्तर नाही, पण तिने प्रश्न नोंदवहीत लिहून ठेवला आहे.

या नोंदवहीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. कारकुनाचा उपक्रम म्हटला की रजिस्टर आलेच! तिची सुरुवात मात्र आम्ही केली नाही. सहावीतील एक मुलगा, वर्गात फारसा न बोलणारा, आपण रचलेले दगड-पानांचे वर्तुळ सोडून यायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच ते पाहायला गेला. मग रोज जाऊ लागला. पुढच्या रविवारी त्याने कागदावर लिहून आणले होते : सोमवारी वाऱ्याने पाने सरकली, मंगळवारी मुंग्यांनी कडेच्या बिया नेल्या, बुधवारी शेळी येऊन गेली, शुक्रवारी नुसते दगड राहिले आणि त्यांच्यावर सरडा बसला होता. आम्ही लगेच एक वही आणली, रकाने आखले. तारीख, जागा, काय काय वापरले, त्याचे पुढे काय झाले. जे टिकत नाही त्याच्याकडे माणूस अधिक निरखून पाहतो. भिंतीवर टांगलेल्या चित्राकडे आपण किती वेळा मान वर करतो?

तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचे मंडल दिवसचे दिवस बसून करतात आणि पूर्ण झाले की झाडून, गोळा करून वाहत्या पाण्यात सोडतात, हे बऱ्याच वाचकांना माहीत असेल. आपल्या विदर्भातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. अनित्यतेवर आम्ही प्रवचन करीत नाही, मुलांना त्या मंडलाबद्दल सांगितले तेव्हा तो सहावीतला मुलगा एवढेच म्हणाला, "मग ते लोक वही ठेवत नाहीत का?"

पावसाळ्यातली एक गोष्ट तर मुले दर वर्षी मागतात. पाऊस सुरू होण्याच्या बेतात असताना कोरड्या जमिनीवर उताणे पडून राहायचे. सरी पडू लागल्या की आजूबाजूची जमीन ओली होते, अंगाखालची कोरडी राहते. मग हळूच उठायचे. जमिनीवर आपली आकृती उरते. गोल्ड्सवर्दी हे अनेक वर्षे करीत आले आहेत, तिला ते पावसाची सावली म्हणतात. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत चौदा मुले ओळीने पडली होती. उठली तेव्हा चौदा कोरडी माणसे जमिनीवर होती, हातपाय पसरलेली. अर्ध्या मिनिटात थेंबांनी ती भरून काढली. ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ होई त्यांची ही पणतवंडे आपापली सावली जमिनीवर ठेवून हसत होती. बघायला जमलेल्या बायाही हसत होत्या. ढगांचा गडगडाट असेल तर हा खेळ मुळीच करू नये. विजेचा भरवसा नाही. आम्ही गडगडाट ऐकताच मुलांना आत घेतो.

ज्यांना आपल्या वस्तीत हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या दोन गोष्टी. खर्च शून्य आहे. डिंक, दोरा, टाचण्या, प्लॅस्टिक यांतले काहीही न्यायचे नाही. दगड उचलताना काठीने आधी हलवावा आणि पलीकडची कड वर उचलावी, म्हणजे खाली विंचू असेल तर तो समोरून निघून जाईल, आपल्या हातावर येणार नाही. काम झाल्यावर दगड होता तिथे, होता तसाच ठेवावा, कारण त्याच्याखाली कोणाचे तरी घर असते. बिब्बा आणि खाजकुयली यांची ओळख पहिल्याच दिवशी करून द्यावी. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. गाजरगवताला हात लावू नये; १९५०च्या दशकात आपल्याकडे प्रथम दिसलेले हे परके तण आता प्रत्येक पडीक जागेत आहे आणि त्याने अंगाला खाज सुटते. सागाचे कोवळे पान मात्र दोन बोटांत चुरून दाखवाच. बोटे लालभडक होतात, आणि मुले दिवसभर ती एकमेकांना दाखवत फिरतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मुलांना काटोल मार्गावरील जुनापाणी येथे नेले. नागपूरपासून अवघ्या काही मैलांवर टेकडीच्या उतारावर काळ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. लोहयुगातील लोकांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी आणि त्याही आधी आपल्या मृतांच्या जागी ती रचली. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांतील काही उकरून पाहिली. काही दगडांवर वाटीसारख्या लहान खळग्यांच्या ओळी आहेत. त्यांचा अर्थ अभ्यासक अजून लावतात. जवळच्याच माहूरझरीच्या उत्खननात लोखंडी वस्तू, मणी आणि घोड्यांचे अवशेष निघाले. हे संरक्षित स्थळ आहे, तेथे एकही दगड हलवायचा नाही असे मुलांना आधीच बजावले होते. पण सांगण्याची गरज पडली नाही. स्वतः दगडांची वर्तुळे रचून ज्यांचे हात दुखले आहेत ती मुले त्या मोठमोठ्या शिळांभोवती दबकत फिरत होती. "एवढा दगड किती जणांनी आणला असेल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. राजा कोण होता, हे कोणीच विचारले नाही.

यंदा मार्चमध्ये पळस फुलला तेव्हा मुले नेहमीप्रमाणे माळावर गेली आणि धावत परत आली. माळावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा पडल्या होत्या. ठरावीक अंतरावर सिमेंटचे छोटे खांब, त्यांवर लाल आकडे. ले-आऊट पडत होता. "काका, आपल्यासारखंच कोणीतरी येऊन गेलं!" असे पाचवीतली एक मुलगी म्हणाली, आणि मोठी मुले तिला हसली.

मग प्रश्न निघाला तो असा : ही जागा कोणाची? तीन वर्षे ज्या जमिनीचा दगड न् दगड मुलांनी हाताळला ती कोणाच्या नावावर आहे हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नव्हते. हे आमच्या कामातले होते. पुढच्या रविवारी आम्ही सातबाऱ्याचा उतारा काढून आणला. आता तो संगणकावरही निघतो, तलाठ्याच्या दारात ताटकळावे लागत नाही. झाडाखाली बसून एकेक रकाना वाचला. गाव नमुना सात म्हणजे हक्काची बाजू, नमुना बारा म्हणजे पिकाची. भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन यांत फरक काय, सरकारने भूमिहीनाला दिलेली वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता का येत नाही, इतर हक्कांत कोणाची नावे लागतात, फेरफार म्हणजे काय. मुलांनी शाळेच्या पुस्तकाकडे कधी दिले नसेल इतके लक्ष दिले. कोणाच्या आजोबांच्या गावी असा कागद आहे का, याची चौकशी त्याच संध्याकाळी पाच घरांत झाली. एका घरी जुन्या ट्रंकेतून खरोखरच एक पिवळा पडलेला कागद निघाला, आणि तो घेऊन त्या घरचे लोक या महिन्यात तहसील कार्यालयात जाणार आहेत. आम्हीही रजा टाकून बरोबर जाऊ.

उताऱ्याच्या शेवटी, पिकाच्या रकान्यात, आमच्या माळापुढे एकच शब्द होता : "पड". त्या सहावीतल्या, आता आठवीत गेलेल्या मुलाने तो बोट ठेवून दोनदा वाचला. मग दप्तरातून नोंदवही काढली आणि तीन वर्षांत त्या जागेवर मिळालेल्या झाडाझुडपांची नावे मोजली. पळस, बाभूळ, बोर, हिवर, टाकळा, तरवड, रुई, कुसळी गवत, आजींनी सांगितलेली दहा-बारा औषधी, अशी एकूण एकेचाळीस भरली. ती यादी सुवाच्य अक्षरांत उतरवून त्याने विहाराच्या फलकावर सातबाऱ्याच्या प्रतीशेजारी लावली आहे. ले-आऊटचे काम अजून सुरू झालेले नाही. येत्या दोन रविवारी वर्ग तिथेच भरेल, नंतर ओढ्याच्या पलीकडे जागा पाहिली आहे. तिचाही उतारा काढायला दिला आहे.